रान वहिनींच्या नावावर, वाट तात्यांच्या बांधावरून: भोगावती खोऱ्यातलं एक प्रकरण

या प्रकरणातली माणसं खरी आहेत, नावं मात्र दिलेली नाहीत. गावात ज्या हाका मारल्या जातात त्याच वापरल्या आहेत: दादा, वहिनी, तात्या, काकी, बापू. गाव राधानगरी तालुक्याकडचं, भोगावतीच्या काठावरचं. यापेक्षा जास्त ओळख सांगितली तर दोन तासांत पत्ता लागेल. मी कोल्हापुरात जमिनीच्या कागदपत्रांची कामं करतो आणि या प्रकरणात बऱ्याच उशिरा, सप्टेंबर 2022 मध्ये आलो. त्याआधीचं जे लिहिलंय ते दोन्ही बाजूंकडून ऐकलेलं आहे. जिथं दोघांचं जुळत नव्हतं, तिथं तसं म्हटलं आहे.

पार्श्वभूमी

दादा पुण्यात सॉफ्टवेअरमध्ये, वहिनी शाळेत शिक्षिका. लॉकडाऊनमध्ये दादांचं काम घरून सुरू झालं आणि कुठंतरी रान घ्यायचं हे जुनं बोलणं पुन्हा निघालं. कूळकायद्याच्या कलम 63 मुळे शेतकरी नसलेल्याला परवानगीशिवाय शेतजमीन घेता येत नाही. दादा शेतकरी नव्हते. वहिनींचं नाव माण तालुक्यातल्या माहेरच्या सातबाऱ्यावर होतं. म्हणून जमीन वहिनींच्या नावावर घ्यायची ठरली. ही बाब पुढं महत्त्वाची ठरते, कारण गावातला प्रत्येक जण बोलायचा मात्र दादांशीच.

जमीन दीड एकर. विकणारा इचलकरंजीत यंत्रमागावर काम करणारा, गावाशी संबंध यात्रेपुरता. जमीन दाखवली बापूंनी. बापू गावातल्या नव्या दूध संस्थेचे कर्तेधर्ते, बोलायला गोड आणि कामाला वाघ. तलाठ्याकडचे उतारे, 30 वर्षांचा सर्च रिपोर्ट, वर्तमानपत्रात जाहीर नोटीस, सगळं रीतसर झालं. नोटिशीवर कुणाची हरकत आली नाही. जानेवारी 2021 मध्ये खरेदीपत्र झालं, फेरफारही वेळेत मंजूर झाला.

कागद स्वच्छ होता. पण हे रान गेली कित्येक वर्षं विकणाऱ्याचे चुलत भाऊ तात्या वाट्यानं करत होते, आणि आज ना उद्या ते आपल्यालाच मिळणार असं धरून चालले होते. भावकीतलं रान विकताना आधी भावकीला विचारायचं, ही रीत कुठल्या सातबाऱ्यावर लिहिलेली नसते. विकणाऱ्यानं विचारलं नाही. तात्यांच्या मते मुद्दाम, विकणाऱ्याच्या मते तात्या पडत्या भावात मागत होते म्हणून. बापूंना हे सगळं ठाऊक होतं. त्यांनी दादा-वहिनींना सांगितलं नाही. आणि जाहीर नोटीस छापून आली त्या दिवशी तो पेपर गावात कुणी त्या पानापर्यंत वाचला असेल, असं मला वाटत नाही.

गाव कसं विभागलेलं होतं

कोल्हापूर जिल्ह्यात पक्ष हा वरवरचा भाग. खाली असतो तो गट. नेता पक्ष बदलतो, गट नेत्याबरोबर जातो, आणि गावातली माणसं कालच्या झेंड्याबद्दल फारसं बोलत नाहीत. गट दिसतो तो संस्थांमधून. या गावात दोन दूध संस्था, शेतकऱ्यांना पीककर्ज देणाऱ्या दोन सेवा संस्था, नदीवरून पाणी उचलणारी एक पाणीपुरवठा संस्था, आणि दोन तरुण मंडळं.

दोन दूध संस्था कशाला, असा प्रश्न बाहेरच्याला पडतो. उत्तर दुधात नाही, ठरावात आहे. जिल्हा दूध संघाच्या, म्हणजे गोकुळच्या, निवडणुकीत दूध घालणारा शेतकरी थेट मत देत नाही. त्याच्या संस्थेनं ज्याच्या नावाचा ठराव केला तो माणूस मत देतो. जिल्हा बँकेत सेवा संस्थांचं तेच. म्हणजे संस्था हातात असली की ठराव हातात, आणि ठराव हातात असला की तालुक्याच्या नेत्याच्या घरी चहा मिळतो. संस्था टिकवायची तर सभासद हवेत, दूध हवं. म्हणून सकाळी किटली घेऊन माणूस कुठल्या दारात उभा राहतो हे सगळं गाव बघत असतं.

तात्या जुन्या गटाचे. सेवा संस्था आणि पाणी संस्था त्या गटाकडे. बापू नव्या गटाचे.

अडचण कशी वाढत गेली

जुलै 2021 च्या महापुरात नदीकाठची रानं पाण्याखाली गेली. दादा-वहिनी तेव्हा पुण्यातच होते, घर अजून बांधायचं होतं. मदत करायची म्हणून दादांनी बापूंना पैसे पाठवले. बापूंनी त्यातून धान्याचे किट वाटले आणि वाटपाचा फोटो फिरला, त्यात मागे बॅनर आणि बॅनरवर बापूंच्या नेत्याचा चेहरा. तात्यांच्या गल्लीला किट मिळाले नाहीत. पैसे कुणाचे होते हे गावाला आठवड्यात कळलं. दादांना मात्र बॅनरचं जवळजवळ वर्षभरानं कळलं.

ऑक्टोबरमध्ये ते राहायला आले. रानातच छोटं घर, दोन गायी. बापूंनी घरी येऊन दूध संस्थेत खातं उघडून दिलं, म्हणून दूध तिकडं जाऊ लागलं. या दोन्ही गोष्टींत त्यांचा राजकारणाशी काही संबंध नव्हता आणि ते तसं सगळ्यांना सांगतही होते. ‘आम्ही कुठल्याच गटाचे नाही’ हे दादांचं आवडतं वाक्य. गावानं ते ऐकलं आणि मान डोलावली. गावाच्या हिशेबात ते केव्हाच बापूंचे झाले होते. उलट, इतक्या उघड गोष्टीला नाही म्हणतात म्हणजे माणूस आतल्या गाठीचा, असाच अर्थ लावला गेला.

गाव वागायला वाईट होतं असं मात्र वहिनी कधीच म्हणाल्या नाहीत. गाय अडली तेव्हा रात्री दोन वाजता माणसं धावत आली, त्यात तात्यांचा मुलगाही होता. आडनाव काय, मूळ गाव कुठलं, देवक काय, हे प्रश्न पहिल्या भेटीतच विचारले गेले. त्यामागं जात समजून घ्यायची होती हे वहिनींच्या लक्षात आलं आणि ते त्यांना खुपलं. कुठल्या गल्लीतली हळदीकुंकवाची बोलावणी येतात आणि कुठली येत नाहीत, हेही त्यांनी टिपलं होतं. शाहू महाराजांच्या जिल्ह्यात असं नसेल अशी त्यांची समजूत होती. मी त्यांना एवढंच सांगितलं की महाराजांना 1902 साली आरक्षणाचा हुकूम काढावा लागला तो इथल्याच कोल्हापूर संस्थानासाठी.

मग आली यात्रा. 2020 आणि 2021 ची यात्रा कोरोनात गेली होती. एप्रिल 2022 मध्ये निर्बंध उठले आणि पोरांनी दोन वर्षांची हौस एका रात्रीत भागवायचं ठरवलं. डॉल्बी रात्री बारानंतरही चालू होता. गायी बिथरल्या, दादांची सकाळी परदेशातल्या लोकांबरोबर मीटिंग होती. दादांनी 112 ला फोन लावला. पोलीस आले, डॉल्बी बंद झाला, पोरांना दुसऱ्या दिवशी ठाण्यात बसवून ठेवलं. रात्री दहानंतर ध्वनिक्षेपकाला बंदी आहे, त्यामुळं दादांचं चुकलं असं कायद्यानं कुणी म्हणू शकत नाही. पण त्या रात्री दोन्ही मंडळांनी मिळून एकच डॉल्बी आणला होता, आणि फोन कुणी केला हे पोलिसांकडूनच गावात आलं. एरवी एकमेकांचं तोंड न बघणारे दोन गट या एका गोष्टीवर एक झाले.

महिन्याभरात, मे 2022 मध्ये, तात्यांनी वाट बंद केली.

वहिनींच्या रानात जायला पाणंद, म्हणजे शिवारातला गाडीरस्ता, नाही. गावनकाशावर जी पाणंद आहे ती ओढ्यापाशी संपते, तिथून पुढं तात्यांच्या बांधावरून बैलगाडी जाईल एवढी वाट. वहिवाट जुनी, कागदावर नोंद नाही. तात्यांनी बांधाला लागून चर खणली आणि पलीकडं उसाची कांडी लावली. पायी जाता येत होतं, गाडी जात नव्हती. दादांनी जाब विचारला तेव्हा तात्या म्हणाले, “भावकीतलं रान घेतलासा, एक शबूद तरी इचारायचा का न्हाई? आता बांध माझा हाय.”

पाठोपाठ पाणी अडलं. जमिनीबरोबर पाणी येतं असं दादा-वहिनींनी गृहीत धरलं होतं. पाणी येतं ते संस्थेच्या सभासदाला, आणि सभासद अजून विकणाराच होता. मार्च 2021 मध्ये दादांनी संस्थेच्या सचिवाला तोंडी सांगितलं होतं, ‘बघू, मिटिंगमध्ये घेऊ’ असं उत्तर मिळालं होतं. पहिलं वर्ष विकणाऱ्याच्या नावावर पाण्याची पाळी मिळत राहिली. ऑक्टोबर 2022 मध्ये पाणी अडवायला बंधाऱ्याला बरगे (फळ्या) घातले, पाळ्या सुरू झाल्या, आणि पाटकऱ्यानं, म्हणजे संस्थेच्या पाणी सोडणाऱ्या माणसानं, पाण्याचा दंड वहिनींच्या रानाकडं वळवायला नकार दिला. “नाव चढलं न्हाई, पाळी कशी दिऊ? माझी नोकरी जाईल की.” पाटकरी खोटं बोलत नव्हता.

तिसरी गोष्ट घराची. रानातल्या घराची ग्रामपंचायतीच्या नमुना 8 ला नोंद व्हावी, घरपट्टी लागावी, असा अर्ज होता. मासिक सभेत तो विषय येईना. आणि याच सुमारास बापू दुसराच एक नमुना 8 घेऊन आले, मतदारयादीतलं नाव पुण्याहून इकडं आणायचा. गावात डिसेंबरमध्ये ग्रामपंचायतीची निवडणूक होती, सरपंच थेट जनतेतून निवडायचा होता. ही पद्धत 2017 मध्ये आली, 2020 मध्ये गेली आणि 2022 मध्ये परत आली. त्यामुळं प्रत्येक मताला भाव आला होता. एका आठची कुणाला घाई नव्हती, दुसऱ्या आठची फार होती.

समोर असलेले पर्याय

मी गेलो तेव्हा दादांच्या डोक्यात दोनच पर्याय होते: केस करायची किंवा विकून जायचं. बसून बोलल्यावर आणखी काही पुढं आले.

तहसीलदारांकडं दोन वेगळे रस्ते आहेत, आणि लोक त्यांची नेहमी गल्लत करतात. चालू वहिवाटीची वाट कुणी अडवली असेल तर मामलेदार न्यायालय अधिनियम 1906 चं कलम 5. त्यात अडथळा झाल्यापासून 6 महिन्यांच्या आत दाद मागावी लागते. वाटच नसेल आणि बांधावरून नव्यानं हवी असेल तर जमीन महसूल संहिता 1966 चं कलम 143. इथं वाट होती, अडवली होती, म्हणून कलम 5. अडथळा मे महिन्यातला, मुदत नोव्हेंबरमध्ये संपणार. दादांना वाटत होतं की निवडणूक होऊ दे, वातावरण निवळू दे, मग बघू. निवळेपर्यंत मुदत गेली असती.

बापूंचा पर्याय वेगळा होता. “वरनं एक फोन लावतो, चार दिवसांत चर बुजतीय.” मला वाटतं, ते खरंच झालं असतं. पण तो फोन फुकट नसतो. नव्या गटाच्या नेत्यानं वाट मोकळी करून दिली की दादा-वहिनींची दोन मतं, दूध, आणि पुढची दहा वर्षं त्या गटाची. शिवाय सत्ता फिरली की चर पुन्हा खणली जाणार, कारण आदेश कागदावर नाही.

गावची तंटामुक्ती समिती होती. 2007 मध्ये मोहीम सुरू झाली तेव्हा अनेक गावांत तिनं चांगलं काम केलं; या गावात समितीचे अध्यक्ष तात्यांचे व्याही होते. तो पर्याय तिथंच संपला.

विकून जाण्याचा पर्याय वहिनींनी ऐकूनच घेतला नाही. “रान माझ्या नावावर आहे, कुणी मला विचारलंय का?” हे त्या दादांना म्हणाल्या, गावाला नाही. पण त्या वाक्यानंतर चर्चेचं वळण बदललं.

काय केलं

पहिला निर्णय वहिनींनी घेतला: अर्ज द्यायचा, पण तात्यांना आधी सांगून. दादांना हे पटेना. समोरच्याला सावध कशाला करायचं? माझं म्हणणं वहिनींच्या बाजूचं होतं. कलम 5 मध्ये स्थळपाहणी होते, पंचनामा होतो, पंच गावातलेच असतात. त्यात लपवण्यासारखं काही नसतं. आणि नोटीस कोतवालाच्या हातून दारात आली की गल्ली बघते. तो अपमान तात्या विसरले नसते.

वहिनी एकट्या गेल्या, दुपारी, तात्या रानात असताना. काकी घरी होत्या. तासाभरानं वहिनी परत आल्या त्या एक नवीनच माहिती घेऊन.

तात्यांनी ते रान वाट्यानं करताना स्वतःच्या खर्चानं पाइपलाइन टाकली होती. संस्थेच्या चेंबरपासून तात्यांच्या रानातून वहिनींच्या रानापर्यंत. विकणाऱ्यानं ठरवलं होतं की जमीन विकली की पाइपलाइनचे पैसे देतो. त्यानं दिले नाहीत. काकी म्हणाल्या, “पायपा आमी घातल्या, खोडवा आमी राखला, आन् पैसं त्यो घिऊन गेला. तुमी तर कोण, कुठलं, काय म्हाईत. मग राग कुणावर काढायचा?”

भावकीचा मान, गट, डॉल्बी हे सगळं होतंच. पण तळाशी एक साधा, मोजता येणारा हिशेब बाकी होता आणि दीड वर्षात तो दादांना कुणी सांगितला नव्हता, दादांनीही विचारला नव्हता. दादांनी जेव्हा जेव्हा तात्यांशी बोलणं काढलं, ते हक्काबद्दल होतं. तात्या हक्काला हक्कानं उत्तर देत राहिले.

तरीही अर्ज द्यायचा हे मी धरून ठेवलं. काकींनी मोकळेपणानं सांगितलं म्हणून तात्या लगेच चर बुजवतील असं नव्हतं, आणि मुदत कुणासाठी थांबत नाही. नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात अर्ज गेला. तात्यांना आदल्या दिवशी वहिनींनी सांगितलं. तात्या काही बोलले नाहीत, एवढंच म्हणाले, “द्या की.”

पाण्यासाठी पाणी संस्थेला लेखी अर्ज दिला, खरेदीपत्राची प्रत, फेरफार, शेअरची रक्कम, आणि पोच घेतली. ही पोच फार मोलाची. सहकार कायद्याच्या कलम 22 नुसार सभासदत्वाच्या अर्जावर संस्थेनं 3 महिन्यांत निर्णय कळवला नाही तर अर्जदार सभासद झाला असं मानलं जातं. तोंडी सांगण्याला ही मुदत लागू होत नाही. दादांचं दीड वर्ष तिथं वाया गेलं होतं.

दुधाचा निर्णय सगळ्यात अवघड निघाला. बापूंची संस्था सोडून तात्यांच्या संस्थेत जाणं म्हणजे गट बदलणं. तिथंच राहणं म्हणजे गट मान्य करणं. सकाळचं एकीकडं, संध्याकाळचं दुसरीकडं असाही विचार झाला. तो मी हसून उडवून लावला, गावानं दोन्हीकडून टवाळी केली असती. शेवटी त्यांनी संस्थेला दूध घालणंच थांबवलं आणि कोल्हापुरात ओळखीच्या घरांना रतीब लावला. बापूंना हे लागलं. बॅनरचा विषय वहिनींनी त्याच भेटीत काढल्यामुळं जास्तच लागलं. त्यानंतर बापू त्यांच्या दारात आलेले नाहीत.

मतदारयादीबाबत त्यांनी ठरवलं की निवडणूक होईपर्यंत नाव हलवायचं नाही. बापूंचा फॉर्म परत दिला.

निवडणुकीचा निकाल असा लागला की सरपंच नव्या गटाचा आणि सदस्यांत बहुमत जुन्या गटाचं. थेट सरपंच पद्धतीत असं बऱ्याच गावांत झालं. गुलाल दोन्ही बाजूंनी उधळला गेला, आणि पंचायतीचं काम काही महिने अडून राहिलं.

जानेवारी 2023 मध्ये स्थळपाहणीची तारीख लागली. त्याआधी वहिनींनी तातडीची फी भरून मोजणी आणली होती, कारण बांध नेमका कुठं आहे हेच कुणाला सांगता येत नव्हतं. मोजणीत निघालं की बांध वर्षानुवर्षं सरकत सरकत वहिनींच्या जमिनीच्या हद्दीत दोन गुंठे आत आला आहे. भूमी अभिलेखच्या माणसानं खुणा ठोकल्या तेव्हा तात्यांची मान खाली गेली, असं दादा सांगतात. तात्या म्हणतात बांध त्यांच्या वडिलांच्या आधीपासून तिथंच आहे. बहुधा दोन्ही खरं असावं.

दादांना आता हातात हुकमाचं पान आलं असं वाटलं. दोन गुंठे परत मागा, मग वाटेचं बोलू. वहिनींनी उलट मांडलं: दोन गुंठ्यांचा विषय मी काढत नाही, तुम्ही वाट द्या. बैठक तात्यांच्या सोप्यात, म्हणजे घराच्या दर्शनी भागात, झाली; तात्यांचा मुलगा, निवृत्त गुरुजी, पाटकरी आणि मी. आठ फुटांची वाट ठरली, चार फूट तात्यांच्या बाजूनं, चार वहिनींच्या. पाइपलाइनसाठी तात्यांनी 80 हजार मागितले, 45 हजारांवर ठरलं, आणि पाइपलाइन दोघांची सामाईक झाली. वाटेची तडजोड तहसीलदारांसमोर लिहून दिली, आदेश तडजोडीप्रमाणे झाला. अर्ज दाखल नसता तर ही तडजोड सोप्यातच राहिली असती. आदेशावरून सातबाऱ्याच्या इतर हक्कात वाटेची नोंद झाली.

दोन गुंठ्यांचं मात्र काही लिहिलं नाही. वहिनींना ते लिहायचं नव्हतं, तात्यांनाही नव्हतं. मला अजून खटकतं. दोघं आहेत तोवर ठीक, पुढच्या पिढीत कुणी पुन्हा मोजणी आणली तर हा विषय उभा राहणार.

निष्पत्ती

वाट चालू आहे, उसाची ट्रॉली जाते. पाणी संस्थेच्या जानेवारीच्या बैठकीत वहिनींचं नाव सभासद म्हणून मंजूर झालं; 3 महिन्यांची मुदत सचिवानं स्वतःच संचालकांना वाचून दाखवली. दरम्यान पाळ्या चुकल्यामुळं लावणीचा निम्मा ऊस वाळला. तो तोटा भरून निघाला नाही.

साखर कारखान्यात त्या बिगरसभासद आहेत, त्यामुळं तोड उशिरा येते. तोडणीच्या टोळीला खुशाली आणि ड्रायव्हरला एंट्री, म्हणजे वरचे पैसे, द्यावी लागते, ती तात्यांनाही द्यावी लागते. त्यात गावाचा काही दोष नाही.

यात्रेची पट्टी आता ते इतरांसारखी घरटी ठरते तेवढीच देतात, जास्तीची देणगी देत नाहीत. 2023 च्या यात्रेआधी दादा स्वतः मंडळाच्या पोरांकडं गेले. गायींचा गोठा कुठं आहे ते दाखवलं आणि डॉल्बीच्या भिंतींचं, म्हणजे रचलेल्या स्पीकरचं, तोंड देवळाच्या दुसऱ्या बाजूला करता येईल का विचारलं. पोरांनी भिंत फिरवली. आवाज कमी झाला नाही, पण गोठ्यावर सरळ येत नव्हता. डॉल्बी साडेअकराला बंद झाला. दादा आठवड्यातले चार दिवस पुण्याला असतात. त्यांना गाव पूर्णपणे मानवलं असं मी म्हणणार नाही.

घराची नोंद सगळ्यात शेवटी, 2024 मध्ये झाली.

वेगळं काय करता आलं असतं

खरेदीआधी चतुःसीमेवरच्या चारही बांधकऱ्यांच्या घरी जायला हवं होतं. परवानगी मागायला नव्हे; रान कोण करतंय, वाट कुठून आहे, पाणी कुणाच्या नावावर आहे, आणि कुणाचं काही देणं राहिलंय का, हे विचारायला. पाइपलाइनचे पैसे खरेदीच्या वेळी विकणाऱ्याच्या रकमेतून वळते करता आले असते, वहिनींच्या खिशातून गेले नसते. मध्यस्थ हे करत नाही, त्याला व्यवहार पुरा करायचा असतो. त्याबद्दल बापूंना फार बोल लावण्यातही अर्थ नाही. मध्यस्थ कुठल्या गटाचा हे विचारणं आपल्याला असभ्य वाटतं, गावात मात्र तो चहाइतकाच साधा प्रश्न आहे.

महापुराची मदत ग्रामपंचायतीच्या किंवा शाळेच्या मार्फत, पावती घेऊन द्यायला हवी होती.

112 च्या फोनबद्दल माझं आणि दादांचं एकमत नाही. ते म्हणतात, कायदा आहे तर तक्रार करायची नाही का? करायची. पण त्या रात्री तात्यांचा मुलगा मंडळात होता, त्याचा नंबर दादांच्या मोबाइलमध्ये होता, आणि गाय अडली तेव्हा त्यांनी त्याच नंबरवर फोन केला होता.

मताचा निर्णय मला सर्वांत कठीण वाटतो. नाव डिसेंबरनंतर हलवल्यामुळं कुठल्याच पॅनेलला त्यांना आपलं म्हणता आलं नाही, आणि जानेवारीतली बैठक तात्यांच्या सोप्यात झाली त्यामागं हेही कारण होतं, हे वहिनींचं म्हणणं मी खोडून काढू शकत नाही. पण ग्रामसभा ही मतदारांची असते. यादीत नाव नाही तर सभेत हक्कानं उभं राहता येत नाही. फॉर्म बापूंच्या हातून घ्यायचा नव्हता तर तो ऑनलाइन भरता आला असता, आणि मत कुणाला हे कुणाला सांगायची गरज नव्हती. वेळेत यादीत नाव आलं असतं तर जानेवारी 2023 च्या ग्रामसभेत घराच्या नोंदीचा विषय त्यांना स्वतः लेखी मांडता आला असता. तो त्यांनी मांडला पुढच्या वर्षी, आणि त्यानंतर दोन महिन्यांत नोंद झाली. वहिनी म्हणतात, वर्षभर घरपट्टी लागली नाही हा उलट फायदाच. नोंद नाही म्हणून त्या वर्षी घरदुरुस्तीचं कर्ज नाकारलं गेलं, हे त्या हिशेबात धरत नाहीत.